राजा हेन्रीच्या गावी जाताना

श्रोतेहो, नमस्कार. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे म्हणून तिकडे चार-सहा महिने काढून येणारे आपल्यात बरेच जण आहेत, आणि नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन पाहून झाले की उरलेल्या शनिवार-रविवारांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांना हमखास पडतो. आज मी त्यांच्यासाठी एका जत्रेविषयी बोलणार आहे. तिला तिकडे रेनेसान्स फेस्टिव्हल म्हणतात, आणि बोलण्यात नुसते रेन फेअर. युरोपातल्या प्रबोधनकाळाचे, विशेषतः सोळाव्या शतकातले, एखादे इंग्लिश गाव झाडीत उभे करायचे, त्यात राजा, राणी, सरदार, लोहार, विदूषक, भिकारी अशी सोंगे घेतलेल्या माणसांनी दिवसभर वावरायचे, आणि आपण तिकीट काढून त्या गावाचे पाहुणे व्हायचे, असा हा प्रकार आहे.

रेडिओवरून बोलत असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ही प्रथा १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिका आणि त्यांचे पती रॉन यांनी ती पहिली जत्रा भरवली, ती केपीएफके या श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राला पैसे मिळावेत म्हणून. आज अमेरिकेच्या कानाकोपऱ्यात अशा जत्रा भरतात आणि त्या साऱ्यांचे मूळ एका रेडिओ केंद्राच्या रिकाम्या तिजोरीत आहे. रेडिओचे दिवस संपले असे म्हणणाऱ्यांना मी ही हकीकत आवर्जून ऐकवतो.

मी पाहिलेली जत्रा मेरीलँड राज्यात अॅनापोलिस शहराजवळ, क्राउन्सव्हिल येथे भरते. १९७७ पासून ती चालू आहे. ऑगस्टच्या अखेरीस ती सुरू होते आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत चालते. मात्र फक्त शनिवारी, रविवारी आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे त्यांच्या कामगार दिनाच्या सुट्टीला. गावाचे नाव रेव्हल ग्रोव्ह आणि राजा आठवा हेन्री. राणी कोणती, हे त्या वर्षीच्या कथानकावर अवलंबून असते, कारण या राजाने सहा लग्ने केली. आपली मुले दुसऱ्या राज्यात असतील तर टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या वायव्येला टॉड मिशन येथे शरद ऋतूत मोठी जत्रा असते, आणि शिकागो व मिलवॉकी यांच्या मध्ये केनोशाजवळ उन्हाळ्यात एक असते, तिथे हेन्रीऐवजी त्याची मुलगी एलिझाबेथ राज्य करते.

आता तयारीचे. तीन गोष्टी सांगतो, त्या कागदावर लिहून घ्याव्यात: तिकीट आधी, घरातून निघणे लवकर, आणि खिशात सुट्टे डॉलर. तिकीट आधी अशासाठी की ते ठरावीक दिवसाचे असते आणि ऑक्टोबरच्या गार, कोरड्या हवेतले दिवस लोक फार आधीच पटकावतात. ऑगस्टमध्ये गर्दी कमी असते, पण मेरीलँडचा ऑगस्ट आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखा अंगाला चिकटतो. निघणे लवकर अशासाठी की दरवाजे सकाळी दहाला उघडतात. पहिल्या वर्षी आम्ही उपमा, मग चहा, मग साडीची पिन, असे करत दुपारी बाराला निघालो आणि गाडी उभी करून आत पोचेपर्यंत अर्धा दिवस संपला होता. चूक सर्वस्वी आमची. सुट्टे डॉलर अशासाठी की तलवार गिळणारे, दोरीवर चालणारे, चिखलात लोळून हसवणारे कलावंत खेळ संपला की टोपी फिरवतात. आपल्याकडे कीर्तनानंतर आरतीचे ताट फिरते, तसेच हे. ताट समोर आले की मोबाईलमध्ये तोंड घालणारी माणसे दोन्ही देशांत सारखीच आहेत, आणि त्यांच्याविषयीचे माझे मत मी येथे सांगत नाही. पुन्हा एकदा: तिकीट आधी, निघणे लवकर, सुट्टे डॉलर. पायांत चालण्याचे बूट घालावेत, कारण जमीन मातीची आहे आणि झाडांची मुळे वर आलेली आहेत.

पोशाखाचे मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण खरी गंमत तिथूनच सुरू झाली. येणाऱ्या लोकांपैकी बरेच जण स्वतः त्या काळातला वेश करून येतात, आणि ज्यांच्याकडे नसतो त्यांना तो तिथे भाड्याने मिळतो. दुसऱ्या वर्षी माझ्या मुलीने सर्वांसाठी भाड्याने वेश घेण्याचा बेत केला. मी म्हणालो, मला नको. मी माझे धोतर, अंगरखा आणि उपरणे घालीन. "बाबा, तिथे सगळे इंग्रजांचे कपडे घालतात," ती म्हणाली. सोळाव्या शतकात लंडनबाहेरही जग होते, असे मी तिला सांगितले, आणि नातीने आपल्या आईची जुनी ओढणी माझ्या डोक्याला गुंडाळून पागोटे तयार केले.

त्या दिवशी आम्ही दहाच्या ठोक्याला आत होतो. गल्ल्या अजून मोकळ्या होत्या. एवढ्यात समोरून मखमली अंगरख्यातला, टोपीत पीस खोचलेला एक सरदार आला. त्याने मला पाहिले, थबकला, कमरेत वाकून मुजरा केला आणि विचारले, "परदेशी सद्गृहस्थ, आपण कोणत्या राज्यातून आलात?" नात माझ्या मागे लपली. मी म्हणालो, "कोकणातून." "ते फ्रान्सच्या अलीकडे की पलीकडे?" मी सांगितले की फार पलीकडे, गोव्याच्या उत्तरेला, आणि ते गोवे पोर्तुगिजांनी १५१० साली, म्हणजे तुमचा राजा गादीवर बसल्याच्या पुढच्याच वर्षी, जिंकून घेतले आहे. पोर्तुगीज म्हणताच त्याचे डोळे चमकले. "म्हणजे मसाल्यांचा मुलूख! काही आणले आहे का?" आमच्या सौभाग्यवतींच्या पर्समध्ये लवंगांची डबी असते, ती विमानातही असते आणि दवाखान्यातही असते. त्यांनी दोन लवंगा काढून त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने त्या ओंजळीत धरल्या, कोणी पाहत नाही ना असे इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "बाईसाहेब, यातून माझे निम्मे कर्ज फिटेल."

एव्हाना पंधरा-वीस माणसे जमली होती. तो खेदाने म्हणाला की तुमच्या त्या मुलखात आमच्यापैकी कोणी अजून पाऊल ठेवलेले नाही. येथे, श्रोतेहो, माझ्यातला मराठीचा निवृत्त शिक्षक जागा झाला. मी म्हणालो, असे कसे, विल्टशायरचा एक इंग्रज, थॉमस स्टीफन्स, लिस्बनहून जहाजात बसून १५७९ साली गोव्याला आला, साष्टीत चाळीस वर्षे राहिला, मराठी शिकला आणि त्याने सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले, जे १६१६ साली रायतूरला छापले गेले. या माणसाची एक ओवी आपण शाळेत पाठ करून घेतो आणि माणूस मात्र सांगत नाही, ही माझी तीस वर्षांची खंत आहे. ती मी त्या गल्लीतही, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, बोलून दाखवली. सरदार मान डोलावत ऐकत होता. माझे संपल्यावर त्याने विचारले, "कोणते साल म्हणालात?" मी म्हणालो, "१५७९." त्याने बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला, मग टोपी काढून छातीशी धरली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "महाशय, म्हणजे हे पोर अजून जन्माला यायचे आहे. आमचे राजे हेन्री सुखरूप आहेत, आणि त्यांच्या पश्चात काय होणार हे आपण भर रस्त्यात सांगत आहात. जरा हळू बोला. राजाच्या मरणाचे भाकीत करणाऱ्याचे आमच्याकडे डोके राहत नाही."

लोक हसून लोटपोट झाले, पण त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक बहुरूपी फौजदाराच्या वेशात येई आणि माझ्या आजोबांवर म्हैस चोरल्याचा आळ घेऊन त्यांना पकडायला निघे. सुपातले तांदूळ झोळीत पडेपर्यंत त्याची फौजदारी सुटत नसे. तीच विद्या मला सातासमुद्रापार भेटली. म्हणून सांगतो, खेळांचे वेळापत्रक हातात घेऊन एका रंगमंचावरून दुसऱ्याकडे धावू नये. पहिल्या वर्षी आम्ही तेच केले आणि आज मला त्यातले काहीही आठवत नाही. दोन खेळ निवडावेत आणि बाकीचा वेळ गल्लीत रेंगाळावे, कारण सरदाराला आपल्याला अडवायला सवड मिळाली पाहिजे.

त्या दोन खेळांतला एक मात्र घोडेस्वारांच्या भाल्यांच्या झुंजीचा असावा. मेरीलँडने १९६२ साली ही झुंज आपल्या राज्याचा अधिकृत खेळ ठरवली. अर्धा तास आधी जागा धरावी. हेन्री स्वतः १५३६ साली याच खेळात घोड्यावरून पडून जबर जखमी झाला होता, आणि फ्रान्सचा दुसरा हेन्री तर १५५९ साली डोळ्यात भाल्याची कपची घुसून मेला.

खाण्याचे थोडक्यात. टर्की पक्ष्याची भाजलेली तंगडी हातात धरून खाणे ही तिथली शान आहे. शाकाहारी माणसाला मक्याचे कणीस आणि तळलेले बटाटे यांवर भागवता येते. टर्की, मका आणि बटाटा हे तिन्ही मुळात अमेरिका खंडाचे. बटाटा तर हेन्रीच्या हयातीत इंग्लंडला पोचलाही नव्हता, पण भूक लागल्यावर एवढी चिकित्सा मीसुद्धा केली नाही. मिरचीही त्याच बाजूची, पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणलेली, आणि नेमकी तीच मला तिथे मिळाली नाही; चटणीची पुडी नेता येते का, हे जत्रेच्या नियमांत आधी पाहून घ्यावे.

संध्याकाळी आम्ही परत निघालो तेव्हा दिवसभराची धूळ धोतरावर होती आणि नात माझ्या खांद्यावर झोपली होती. दरवाजाजवळ तोच सरदार जाणाऱ्यांना निरोप देत उभा होता. मला पाहताच तो गर्दीतून वाट काढत आला, कानाशी वाकला आणि कुजबुजला, "विल्टशायरहून अजून काही खबर नाही. मुलगा झाला की कळवतो." नमस्कार.