कीर्द, खतावणी आणि रुजवात

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात जुन्या गाळ्यांवर बसलेली अनुभवी माणसे आजही दोन वह्यांविषयी आदराने बोलतात. पहिली कीर्द. दिवसभरातील व्यवहार ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने एकाखाली एक तिच्यात लिहिले जातात. दुसरी खतावणी. कीर्दीतील प्रत्येक नोंद सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर तिच्यात उतरवली जाते. खतावणी भिजली, फाटली, तरी कीर्दीवरून ती पुन्हा लिहून काढता येते. कीर्दच गेली तर मात्र कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे खतावणीतल्या बाक्या सांगू शकत नाहीत.

डेटाबेस सर्व्हर, म्हणजे माहिती तक्त्यांमध्ये साठवून मागेल त्याला देणारा संगणक, याच रीतीने चालतो. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत एखादी मागणी नोंदवली की तो बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे कीर्दीत, लिहिला जातो. ती नोंद डिस्कवर टेकली की व्यवहार पक्का झाल्याचे कळवले जाते, आणि तक्त्यांच्या मूळ फायली मागाहून बदलतात. दुसऱ्या सर्व्हरवर तीच माहिती ताजी ठेवायची असेल, तर सगळी खतावणी पुन्हा पुन्हा नकलून पाठवावी लागत नाही. कीर्द पाठवायची आणि पलीकडच्या सर्व्हरने ती त्याच क्रमाने खतवायची. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीचा बायनरी लॉग याच कामाचा आहे. या कीर्दीत काय लिहावे, हा प्रश्न मात्र साधा नव्हता. पूर्वी मूळ आज्ञाच पाठवण्याची पद्धत होती. ‘कोणत्याही दहा ओळी पुसा’ अशी आज्ञा गेली की इकडच्या दहा वेगळ्या आणि तिकडच्या दहा वेगळ्या पुसल्या जाण्याचा धोका असे. २०१५ साली आलेल्या मायएसक्यूएलच्या ५.७ या आवृत्तीत आज्ञेऐवजी बदललेल्या ओळीच पाठवणे ही आपोआप लागू होणारी पद्धत ठरली.

आता प्रश्न अंतराचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे पुण्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी, हे इथे कोणालाही चटकन पटते. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे ‘सेंट्रल इंडिया’ हे केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे आणि त्याची जोडी चेन्नईच्या केंद्राशी लावलेली आहे. दोन्ही शहरांतील सरळ अंतर सुमारे ९०० किलोमीटर आहे. काचतंतूमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, त्यामुळे केबल अगदी सरळ टाकली तरी निरोप जाऊन पोच परत यायला नऊ मिलिसेकंद लागतातच. चेन्नईची पोच आल्याशिवाय पुण्यात व्यवहार पक्का करायचा नाही असे ठरवले, तर प्रत्येक व्यवहार एवढा थांबतो. न थांबता पुढे गेलो, तर पुण्याचा सर्व्हर अचानक बंद पडल्यावर शेवटच्या काही नोंदी चेन्नईत पोहोचलेल्याच नसतात. या दोहोंपैकी काय पत्करायचे, हे अभियंत्याने एकट्याने ठरवू नये असे आम्हाला वाटते. ज्याचे पैसे त्या नोंदींमध्ये आहेत, त्याला ते आधी समजावून सांगितले पाहिजे.

जोडणी तुटण्याची किंमत किती असते, याचे एक उदाहरण जाहीर नोंदीत आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या केंद्रांमधील जोडणी केवळ ४३ सेकंद तुटली. तेवढ्यात यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हरांना मुख्य ठरवले आणि तिकडे नव्या नोंदी होऊ लागल्या. पूर्वेकडे मात्र पश्चिमेला न पोहोचलेल्या काही सेकंदांच्या नोंदी राहून गेल्या होत्या. दोन कीर्दी, दोन्ही खऱ्या, आणि एकीत दुसरी मिसळता येत नाही. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

इथपर्यंत दोन्ही टोकांना एकाच जातीचा सर्व्हर आहे असे आपण धरून चाललो. व्यवहारात तसे क्वचितच असते. दुकानातील बिलांची प्रणाली मायएसक्यूएलवर, मुख्य कार्यालयाचे हिशोब ओरॅकलवर आणि नवे मोबाइल ॲप पोस्टग्रेसवर, असे चित्र पुण्यातल्या मध्यम आकाराच्या कितीतरी व्यवसायांत दिसते. अशा वेळी नोंद पोहोचते, पण पोहोचताना तिचा अर्थ बदलू शकतो.

मधल्या नावाचेच पाहा. आपल्याकडे अर्जात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लिहितात. एखाद्याने ते लिहिले नाही, तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये ‘रिकामे आहे’ आणि ‘माहीत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ओरॅकल मात्र रिकाम्या मजकुरालाही ‘माहीत नाही’ असेच धरतो. ओरॅकलला भेट देऊन परतलेली नोंद त्यामुळे मूळ नोंदीशी जुळत नाही.

वेळेचे तर त्याहून नाजूक. एक एप्रिलच्या रात्री साडेबारा वाजता पुण्यात झालेली विक्री जागतिक प्रमाणवेळेनुसार ३१ मार्चच्या संध्याकाळी सात वाजता पडते. एका प्रणालीने स्थानिक वेळ ठेवली, दुसरीने प्रमाणवेळ ठेवली आणि साडेपाच तासांचा फरक सांगणारी खूण वाटेत गळाली, तर ती विक्री सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते.

आणि मराठी लिपीचा प्रश्न तर आपलाच आहे. ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. त्यातील चंद्रकोरीसारखा र संगणकात तीन प्रकारे साठवलेला आढळतो: ऱ या एकाच अक्षराच्या संकेतापुढे हलन्त देऊन, साध्या र ला नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि मग हलन्त जोडून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह अशा क्रमाने. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण बाइट, म्हणजे साठवणीतले आकडे, वेगवेगळे असल्यामुळे डेटाबेसच्या दृष्टीने ती तीन गावे ठरू शकतात. युनिकोड या लिप्यांच्या जागतिक संकेतप्रणालीच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. मराठी नावांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात हा नियम पहिल्या दिवशी लिहिला जावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

या लेखकाने पुण्यातच पाहिलेली एक घटना इथे सांगणे आवश्यक वाटते. एका शुक्रवारी देखभालीसाठी प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर बंद केला गेला आणि तो पुन्हा सुरू करायचा राहिला. पोस्टग्रेसच्या रेप्लिकेशन स्लॉटचे काम असे, की पलीकडच्याने न वाचलेली कीर्द जपून ठेवायची, एकही पान टाकायचे नाही. त्याने ते काम इमानाने केले. रविवारी पहाटे मुख्य सर्व्हरची डिस्क कीर्दीनेच भरली आणि तो थांबला. २०२० सालच्या तेराव्या आवृत्तीपासून या साठवणीला मर्यादा घालता येते; ती ओलांडली की मागे पडलेली प्रत नव्याने उभारावी लागते, पण मुख्य सर्व्हर चालू राहतो. तिथे ती मर्यादा घातलेली नव्हती, आणि प्रत किती मागे पडली आहे हे दाखवणारा आकडा कोणाच्याही पडद्यावर नव्हता.

म्हणून रुजवात. दोन वह्या समोरासमोर ठेवून नोंद नोंदीशी ताडून पाहण्याला जुन्या दप्तरात हा शब्द होता. आज तेच काम असे होते: तक्त्याचे काही हजार ओळींचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा दोन्ही बाजूंना चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढायचा आणि जिथे तो जुळत नाही तेवढ्याच ओळी उघडून पाहायच्या. सर्व्हर वेगळ्या जातीचे असतील तर आधी सर्व मूल्ये एका ठरलेल्या रूपात आणावी लागतात, कारण एका बाजूने साडेदहा रुपये १०.५ असे दिले आणि दुसऱ्या बाजूने १०.५० असे दिले, तर रक्कम एकच असूनही चेकसम वेगळा येतो. वाटेत असलेल्या नोंदी खोट्या तफावती दाखवतात, त्यामुळे न जुळलेल्या ओळी थोड्या वेळाने पुन्हा तपासायच्या.

हिंजवडीतील एका कार्यालयात सकाळचे आठ वाजले आहेत. रात्रीच्या रुजवातीत चार ओळी उरल्या आहेत. दोन दुसऱ्या तपासणीत जुळल्या. एका ओळीत मधले नाव रिकामे आहे. चौथ्या ओळीत, पत्त्याच्या रकान्यात, दोन्ही पडद्यांवर डोळ्यांना अगदी सारखेच दिसणारे ‘कऱ्हाड’ आहे, आणि खुर्चीत बसलेली अभियंता त्या शब्दाचे बाइट एकेक करून वाचते आहे.