उठून जायची मुभा

(दृश्य: जिल्हा न्यायालयाचा व्हरांडा, सकाळची गर्दी)

सकाळचे अकरा वाजलेत. शिपाई नावं पुकारतोय, काळे कोट या दारातून त्या दारात जातायत. बाकावर बसलेल्या माणसांना आज काय होणार हे विचारावं लागत नाही. पुढची तारीख पडणार.

याच इमारतीत एक खोली असते. तिथे न्यायाधीशांचं उंच आसन नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. एक टेबल आणि भोवती सारख्या उंचीच्या खुर्च्या. दारावर पाटी आहे: मध्यस्थी केंद्र.

समजा, आत दोन सख्खे भाऊ बसलेत. दावा बांधाचा. धाकट्याचं म्हणणं, थोरला दर साली नांगरताना बांध कोरतो. सरकारी मोजणी झाली, ती एकाला मान्य नाही. न्यायाधीशांपुढे प्रश्न एकच आहे, हद्द कुठे? मध्यस्थ बाई मात्र नकाशा उघडतच नाहीत. त्या विचारतात, ‘तुमचं बोलणं कधीपासून बंद आहे?’

मग दोघांना वेगवेगळं भेटतात. थोरला आईच्या दवाखान्याच्या खर्चावर बोलतो. धाकटा विहिरीवर बोलतो, पाण्याची रात्रीची पाळी नेहमी त्याच्याच वाट्याला येते. बांधाचं नाव दोघंही अर्ध्या तासानंतर काढतात. दावा ज्याचा लावला जातो आणि भांडण ज्याचं असतं, त्या पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. निकालपत्रात हद्द लिहिता येते. पाळी बदलून देणं त्या दाव्यात मागितलेलंच नसतं, मग कोर्ट ते देणार कसं?

इथे एक गल्लत नेहमी होते. लवाद आणि मध्यस्थ एक नव्हेत. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो, आणि तो बांधून ठेवतो. मध्यस्थाच्या हातात निवाडाच नसतो. तो बोलतं करतो, एकाचं म्हणणं त्याच्या परवानगीनं दुसऱ्यापर्यंत नेतो, कागदावर काय टिकेल ते तपासतो. पक्षकार कुठल्याही क्षणी उठून जाऊ शकतात. ही उठून जायची मुभा लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

(दृश्य: मोडी कागद, त्यावरच्या निशाण्या)

मराठी मुलखात बसून तंटा तोडायची रीत जुनी. शिवकाळात, पेशवाईत वतनाचा, वाटणीचा, मानपानाचा वाद गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आणि प्रकरण मोठं असलं तर परगण्याचे देशमुख-देशपांडेही बसत. आधी दोघांकडून राजीनामा लिहून घेत. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडणं एवढाच उरलाय. तेव्हा तो होता राजीखुशीनं दिलेला कागद, की गोत जे सांगेल ते आम्ही मानू. निर्णयाचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई आणि त्याखाली साक्षीदार आपापली निशाणी काढत. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा.

चित्र मोहक आहे, पण त्यात फार रमू नये. जिंकलेल्यानं सरकारला हरकी द्यायची, म्हणजे जिंकल्याचा नजराणा, आणि हरलेल्यानं गुन्हेगारी, म्हणजे दंड. खर्चातून कुणीच सुटत नसे. पुरावा अपुरा पडला की दिव्य करावं लागे, म्हणजे तापलेलं लोखंड हातात घ्यायचं किंवा उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा. आणि गोतात कुणाच्या शब्दाला किती वजन, हे जात आणि वतन पाहूनच ठरे.

1818 मध्ये पेशवाई संपली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं नव्यानं जिंकलेल्या या मुलखावर अहवाल लिहिला. पंचायत ठेवावी, असं त्याचं मत होतं. तिच्या खोडीही त्यानं लपवल्या नाहीत. पंच जमवता जमत नाहीत, काम रेंगाळतं, प्रतिवादीला बोलावून आणायची ताकद पंचांत नाही. तगाद्याची रीतही त्यानं नोंदवली. धनको ऋणकोच्या दारात बसे, त्याला जेवू देत नसे, आणि तोवर स्वतःही उपाशी राहत असे. न्याय मिळवायला पोट जाळावं लागत होतं, ते दोघांनाही.

पुढे इंग्रजी कोर्टं आली, तशी पंचायत ओस पडू लागली. हे फक्त सरकारनं लादलं म्हणून झालं, असं म्हणणं सोपं आहे. पण ज्याच्या बाजूनं गाव नव्हतं, त्याला कोर्टात प्रथमच दाद मागायला जागा मिळाली होती, हेही खरं.

कोर्टाची दुसरी बाजू 1875 साली दिसली. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली. त्यांना हवे होते ते कागद, कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. कोर्टात सावकाराचा कागद बोलत होता, शेतकऱ्याला बोलता येत नव्हतं. त्याच काळात सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, पुण्यात लवाद कोर्टाचा प्रयोग केला. आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात समेट घडवणारे अधिकारी नेमायची तरतूद आली. त्यांचा दाखला जोडल्याशिवाय शेतकऱ्यावर दावा लावता येत नसे. ती व्यवस्था पुढे मोडीत निघाली. पण दाव्याआधी समेटाचा प्रयत्न सक्तीचा करण्याची कल्पना आपण नवी समजतो, ती इथे या मातीत तेव्हाच करून पाहिली गेली होती.

(दृश्य: लोकअदालतीची रांग)

आता आजचं. 1982 मध्ये गुजरातेत उना इथे लोकअदालत भरली. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं तिला अधिकार दिले आणि हा कायदा 1995 मध्ये लागू झाला. लोकअदालतीतला तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का. त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत. मात्र राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी निकाली निघालेल्या प्रकरणांचे आकडे ऐकताना थोडं थांबावं. त्यात वाहनांची ई-चलनं असतात, बँकेची थकबाकी असते. पाच मिनिटांत मिटणारं चलन आणि वर्षानुवर्षं सलणारा बांध एकाच रकान्यात मोजले, तर आकडा फुगतो. बांध आहे तिथेच राहतो.

मध्यस्थी हे सावकाश चालणारं काम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नव्या कलम 89 नं 2002 पासून कोर्टाला दावा तडजोडीकडे पाठवायची वाट मोकळी केली. गंमत म्हणजे, कलम लिहितानाच घोटाळा झाला होता. ‘मध्यस्थी’ची व्याख्या ‘न्यायिक तडजोडी’ला चिकटली आणि तिची इकडे. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये ॲफकॉन्स या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात ती अदलाबदल निस्तरली. भांडणं मिटवायच्या कलमावरच असं भांडण करावं लागलं. याच निकालानं कोणते दावे पाठवावेत आणि कोणते नाहीत हेही सांगितलं. घरातले, शेजारचे, व्यापारातले, म्हणजे ज्यांना उद्याही एकमेकांचं तोंड पाहायचंय असे दावे पाठवावेत. फसवणूक, बनावट कागद, निवडणुकीचे वाद पाठवू नयेत.

2018 मध्ये व्यापारी दाव्यांसाठी आधी मध्यस्थी करणं बंधनकारक झालं. तातडीचा मनाई हुकूम मागायचा असेल तेवढा अपवाद. मग 2023 चा मध्यस्थी कायदा. आधीच्या विधेयकात सगळ्याच दिवाणी वादांना ही सक्ती होती. अंतिम कायद्यात ती गळली, मध्यस्थी ऐच्छिक झाली. माझ्या मते हे बरं झालं. 120 दिवसांची मुदत, फार तर आणखी 60. खोलीतलं बोलणं गोपनीय, ते पुरावा म्हणून चालत नाही. तडजोड लेखी हवी, आणि फसवणूक किंवा तोतयेगिरीसारखं कारण असेल तरच तिला आव्हान देता येतं.

याच कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं एक छोटं प्रकरण आहे. गल्लीत, वस्तीत शांतता बिघडेल असा वाद तीन मध्यस्थांपुढे नेण्याची त्यात तरतूद आहे. अट एवढीच, की दोन्ही बाजूंची आधी संमती हवी. इथली तडजोड मात्र हुकूमनाम्यासारखी बजावता येत नाही.

(दृश्य: गावचा पार, ग्रामपंचायतीची भिंत)

तडजोडीला हुकूमनाम्याचा जोर नाही, हे दुबळं वाटेल. पण महाराष्ट्रानं गावपातळीवरचा मोठा प्रयोग आधीच पाहिलाय. 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून समित्या झाल्या, दिवाणी, महसुली, फौजदारी तंट्यांच्या नोंदी झाल्या, तंटामुक्त ठरलेल्या गावाला बक्षीस मिळालं. खूप गावांतले जुने बांध, वहिवाटीचे रस्ते खरोखर मिटले. पण बक्षीस गावाचं आणि तक्रार एकटीची, असं झालं की? नवऱ्यानं मारलं म्हणून ठाण्यात जाऊ पाहणाऱ्या बाईला, ‘गावाचं नाव जाईल, घरात मिटव’, असं सांगणारे हात जोडूनच सांगतात. त्या जोडलेल्या हातांचा दाब ठाण्याच्या नोंदवहीत कुठे दिसणार?

जातपंचायतीत तर हात जोडायचीही गरज नसते. तिथे न मानणाऱ्याला वाळीत टाकतात. लग्नकार्य बंद, मयताला खांदा बंद. त्याविरुद्ध महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, तो जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. बाहेरून पाहिलं तर दृश्य सारखंच, पार, पंच आणि दोन बाजू. फरक एवढाच, की मध्यस्थीच्या खोलीतून उठणाऱ्याला मागे कोर्टाचं दार उघडं असतं, आणि जातपंचायतीतून उठणाऱ्याला स्वतःच्या घराचंही नसतं.

म्हणून ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मला अर्धीच पटते. कोर्टाची पायरी तिथे आहे, म्हणून तर थोरला भाऊ टेबलाशी येऊन बसलाय.

(दृश्य: पुन्हा मध्यस्थी केंद्र)

आपले दोन भाऊ अजून आत आहेत. पाळी बदलायला थोरला तयार झालाय. दवाखान्याचा खर्च निम्मा, यावर धाकटा मान हलवतो. बांधावर येऊन गाडी अडते. तिसऱ्या बैठकीतही अडते. धाकटा चपला घालतो.

आता मध्यस्थ बाईंनी कोर्टाला अहवाल पाठवायचाय. कोण आडमुठेपणानं वागलं, कोण कुठवर आलं होतं, हे त्यांना सगळं ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाचं सांगणं असं, की मध्यस्थी फसली तर तेवढंच लिहायचं, आत काय घडलं ते लिहायचं नाही.

त्या एकच ओळ लिहितात. मध्यस्थी यशस्वी झाली नाही. खाली सही, तारीख.

व्हरांड्यात पुकारा होतो. दोघं भाऊ एकाच बाकावर बसतात. दुसरीकडे जागा नाही. थोरला विचारतो, ‘आज पाळी कुणाची?’