जोंधळ्याचा तट

[ड्रोन: उसाच्या फडांवरून वाड्याकडे]

बेळगाव भागातलं चिकोडी मागे टाकून रायबागकडे निघालं की दोन्ही बाजूंना ऊस आणि ऊसच. आणि मध्येच हे. चार कोपऱ्यांना चार बुरूज, त्यातला एक ढासळलेला. नवखा माणूस विचारतो, कुठला किल्ला? गावातला मराठी माणूस याला वाडा म्हणतो, कन्नड माणूस वाडे म्हणतो. किल्ला कुणीच म्हणत नाही. हे एका वतनदार शेतकऱ्याचं घर. वाटण्यांचा दावा कोर्टात आहे, म्हणून गावाचं नाव घेत नाही.

[दरवाजा, जवळून]

या लोखंडी खिळ्यांची गोष्ट सगळीकडे एकच सांगतात: हत्तीसाठी. आता, ज्वारीच्या शेतात हत्ती घेऊन कोण येणार होतं? कुऱ्हाडीचा घाव फळीत रुतू नये, खिळ्यावर बसावा आणि धार जावी, हे जास्त पटतं. मोठा दरवाजा धान्याच्या गाड्यांसाठी आणि लग्नाच्या वरातीसाठी. रोजची ये-जा त्यातल्या या लहान दारातून, दिंडीतून. उंबरा उंच, चौकट बुटकी. कुणीही असो, मान खाली घालूनच आत येणार. आत दबा धरून बसलेल्याला तेवढा वेळ पुरतो.

भिंतीतलं हे चौकोनी भोक पाहा. यात अडसर असतो. दिवसभर अख्खी तुळई भिंतीच्या पोटात. रात्री बाहेर ओढायची आणि समोरच्या खाचेत बसवायची.

[देवडी]

दरवाज्याच्या दोन्ही अंगांना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. इथे शेतसनदी बसत. सरकारी जमीन कसायची आणि बदल्यात राखण करायची, असा तो व्यवहार. राखण लागायचीच. अठराव्या शतकाच्या शेवटापासून १८१८ पर्यंत या मुलखाला उसंत नव्हती. चिकोडी आणि मनोळीसाठी कोल्हापूरकर आणि निपाणकर देसाई झगडत होते, वर पटवर्धनांच्या फौजा आणि पेंढारी. फौज कुणाचीही असो, तिला आधी लागायचा दाणा आणि वैरण.

[तटाची भिंत, हात फिरतोय]

आता तट. पुरुषभर उंचीपर्यंत काळा दगड, त्यावर सगळी पांढरी माती. काळी पिकाची, पांढरी वस्तीची, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. ही पांढरी भिजवायची, काड आणि भुसा घालून पायांनी तुडवायची, दोन-तीन दिवस मुरवायची. मग हातभर उंचीचा थर. तो वाळेपर्यंत दुसरा चढवायचा नाही. घाई केली तर खालचा थर पोट काढतो. म्हणून काम सुगीनंतर सुरू आणि मिरगाच्या आत बंद. भिंत खाली रुंद, वर निमुळती. वरच्या अंगाला या जंग्या, बंदुकीच्या माऱ्यासाठीची भोकं: आतून रुंद, बाहेरून बोटभर.

[माळवद, सकाळचं ऊन]

बेळगावच्या खानापूरकडे पाऊस दांडगा, तिथे उतरती कौलं. इकडे पाऊस कमी, म्हणून माळवद. तुळया, त्यावर कड्या, त्यावर काटक्या आणि कडुनिंबाचा पाला, वर मातीचा जाड थर. मे महिन्यात खाली सोप्यात घोंगडं टाकून पडा, पंख्याची आठवण येत नाही. उजेडासाठी छतात ठेवलेलं हे भोक. इथले मराठी लोकही त्याला कन्नड नावानं, बेळकिंडीच म्हणतात.

[अंगण, पेवाचं तोंड]

एवढा खटाटोप कशासाठी, ते इथे जमिनीखाली आहे. पेव. कन्नडमध्ये हगेव. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र रांजणासारखं पोट. तळाला आणि कडेला कडबा लावायचा, जोंधळा ओतायचा, वर शिळा ठेवून शेणमातीनं लिंपायचं. दाणा वर्षानुवर्षं टिकतो. पण पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. घरातल्या आजी सांगतात, "आधी कंदील सोडायचा. इझला तर मानूसबी इझतो." कोंडलेल्या दाण्यांच्या हवेत श्वास नसतो. दुष्काळात याच अंगणात गावाला दाणा मोजला जायचा. सवाईनं, म्हणजे परत घेताना पाव हिस्सा जास्त, की फुकट, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

[मोडी कागदांचं दप्तर, दोन सेकंद]

१९५० च्या कायद्यानं परगणा वतनं रद्द झाली, १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७४ च्या कूळकायद्यानं जमीन कसणाऱ्याकडे आली. योग्यच झालं. घर मात्र रिकामं पडत गेलं.

[ढासळलेला बुरूज]

हा बुरूज लढाईत पडलेला नाही. पांढरी माती उसाला उत्तम खत. ट्रॉली भरभरून गेली.

आणि ही दक्षिणेची भिंत. कुणीतरी चांगल्या मनानं तिला सिमेंटचा गिलावा दिला. ओल आत अडकली, तळाशी फुगवटा आला. डाव्या कोपऱ्यात गिलाव्याखालून सुटलेली माती दिसते. मातीला मातीचंच लिंपण लागतं आणि ते दर वर्षी लागतं. लिंपणारे हात गावात अजून आहेत. उरलेल्या तीन बाजूंना अजून सिमेंट लागलेलं नाही.

[आजी कंदील पुसून खुंटीला अडकवतात. निवेदन नाही.]