लाल दिवा आणि माजघराची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात जाण्याचा योग आला. तिथल्या मावशी पंच्याहत्तरीच्या आहेत आणि रोज रात्री जेवणे आटोपली की पुण्याच्या नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. आठ दिवस त्यांचे बोलणे अर्ध्यावर तुटत होते. इंटरनेट बंद असल्याची तक्रार त्यांनी दोनदा नोंदवली, दोन्ही वेळा माणूस आला, दिवाणखान्यात उभे राहून तपासले आणि सगळे ठीक आहे असे सांगून परतला. त्याचे म्हणणे खरे होते आणि मावशींचेही खरे होते. इंटरनेट दिवाणखान्यापर्यंत व्यवस्थित येत होते. मावशी मात्र माजघरात बसून बोलत होत्या आणि मध्ये दीड हात जाडीची भिंत होती.

म्हणून घरचे इंटरनेट अडले की पहिल्यांदा हे ठरवावे, की अडचण बाहेरून येणाऱ्या तारेत आहे की घरातल्या घरात. फायबरची, म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशाच्या रूपाने इंटरनेट आणणारी, जोडणी असेल तर याचे उत्तर राउटरवरचे, म्हणजे घरात वायफाय देणाऱ्या पेटीवरचे, दिवेच देतात. पॉन नावाचा दिवा बहुधा हिरवा आणि स्थिर असतो. त्याच्या शेजारचा लॉस नावाचा दिवा लाल पेटला किंवा लुकलुकू लागला, तर बाहेरून येणारा प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू केला तरी उपयोग होत नाही. मात्र फोन करण्यापूर्वी भिंतीवरून येणारी बारीक तार एकदा पाहून घ्यावी, कारण तिच्या आत केसासारखी काच असते आणि कपाट सरकवताना ती मागे दाबली गेली किंवा काटकोनात मुडपली, तर प्रकाश वळणावरच बाहेर झिरपतो. वळण हलक्या हाताने मोकळे करावे. टोक काढून त्यात डोकावू नये, कारण आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो. आपल्या बडोद्यात उत्तरायणाच्या दिवसांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. तारेत अडकलेला पतंग मुले जोराने ओढतात आणि त्या हिसक्याने एखाद्या घराची जोडणी तुटते, म्हणून १४ आणि १५ जानेवारीला गच्चीवर जाणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

लाल दिवा नसेल आणि तरीही काही उघडत नसेल, तर राउटरचे बटण बंद करावे, अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा चालू करावे आणि तीन-चार मिनिटे त्याला हात लावू नये. बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात. परंतु बंद-चालू करणे आणि रिसेट करणे यांत फार अंतर आहे. पाठीमागे टाचणी शिरेल एवढे जे छिद्र असते, ते दाबून धरले की राउटरमधली सगळी मांडणी पुसली जाते. वायफायचे नाव, पासवर्ड आणि काही ठिकाणी कंपनीने दिलेले लॉगिनही. माझ्या घरी ही चूक झाली आहे. लॉगिन कुठेच लिहून ठेवलेले नव्हते, ते पुन्हा मिळेपर्यंत दोन दिवस गेले आणि मुलीला ऑनलाइन परीक्षा शेजाऱ्यांकडे बसून द्यावी लागली. तेव्हापासून ते लॉगिन आम्ही गॅसच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे, आणि तुम्हीही आज ते कुठेतरी लिहून ठेवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता भिंतीकडे येतो. आजचे बहुतेक राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींतून दूरवर जाते, पण तिचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण एक-दोन भिंतींत थकते. त्यामुळे राउटरच्याच खोलीत असाल तर ५ आणि दूर असाल तर २.४ निवडावी. मायक्रोवेव्ह चालू असताना वायफाय अडखळते, कारण ती भट्टीही २.४ च्या आसपासच्या लहरींवर चालते. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्याआड राउटर कधीही ठेवू नये. मावशींचा राउटर कोनाड्यात होता, त्याच्या पुढे पितळी समई होती आणि धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल होता. हात लावला तर पेटी चांगलीच तापलेली होती. मे महिन्यात अशी हवा कोंडली की राउटर आपोआप बंदही पडतो. तो आम्ही उंच, मोकळ्या फळीवर आणला, तरी माजघरात पुरेसा जोर येईना. शेवटी भिंतीच्या कडेने लॅनची, म्हणजे राउटरला जोडायची, केबल नेऊन तिथे दुसरा राउटर बसवला. जाड भिंतींच्या वाड्यांत मला हाच उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो.

वेग कमी वाटत असेल तर एक हिशेब लक्षात घ्यावा. १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि ८ बिटांचा १ बाइट होतो, म्हणून फाइल उतरवताना सेकंदाला १२.५ मेगाबाइटपेक्षा मोठा आकडा दिसणारच नाही. खरा वेग पाहायचा तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून मोजावा. तिथे वेग पुरा मिळत असेल तर दोष वायफायचा आहे. तिथेही कमी असेल तर केबल बदलून पाहावी आणि मगच कंपनीला कळवावे.

फोन करताना नुसते नेट चालत नाही असे म्हणू नये. कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, किती वाजल्यापासून आहे आणि केबलने जोडल्यावर काय होते, हे तीन तपशील सांगावेत आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. नमस्कार.