दारू थांबल्यानंतरचे चार दिवस

(दृश्य: सातपूर एमआयडीसी, सकाळची चहाची टपरी)

कटिंगचा ग्लास या माणसाने दोन्ही हातांनी धरलाय, तरी चहा हिंदकळतोय. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू थांबली, की साधारण ६ ते २४ तासांत ही थरथर सुरू होते.

दारू मेंदूला सुस्त करते. रोजच्या त्या सुस्तीवर मात करायला मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. दारू एकदम बंद झाली, की ही चेतना मोकाट सुटते. घाम, धडधड, झोप नाही. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होतात, अंगावर किडे चालताहेत असं वाटतं, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जातो.

आणि नेमकं तेव्हाच घरात म्हणतात, "याला बाहेरचं झालंय."

(दृश्य: त्र्यंबकेश्वर, वारकरी)

माळ घालून दारू सोडणारे इकडे गावोगाव भेटतील. तो निश्चय फार मोलाचा आहे. पण रोज पिणाऱ्याने माळ घालण्याआधी डॉक्टर गाठावा. माणसाला खोलीत कोंडून दारू सोडवणं जिवावर बेतू शकतं.

(दृश्य: रुग्णालयाचा वॉर्ड)

इथे क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध देऊन मेंदू शांत करतात आणि डोस रोज उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. "सलाईन लावा" असा नातेवाइकांचा आग्रह असतो, पण ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत बी-१ जीवनसत्त्व जावं लागतं. ते कमी पडलं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

पुढे तलफ आवरायला नॅल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट, सोबत समुपदेशन. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं आणखी एक औषध. ते घेतलेल्याने दारू प्यायली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणून भिंतीवरच्या "न कळता दारू सोडवा" जाहिरातींना भुलून नवऱ्याच्या भाजीत काहीही कालवू नका, ताई. डायसल्फिराम त्याला सांगूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं.

जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे. व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १४४४६. डॉक्टरांनी "किती घेता?" विचारलं की "थोडीशी" म्हणू नका. क्वार्टर असेल तर क्वार्टर सांगा, शेवटची केव्हा घेतली तेही सांगा. औषधाचा डोस त्यावरच ठरतो.