कोऱ्या कॅनव्हाससमोरचा वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात चित्रकला शिकवताना ज्या चित्रकाराचा विचार माझ्या मनात वारंवार येतो, ते वासुदेव गायतोंडे याच शहरात २ नोव्हेंबर १९२४ रोजी जन्मले. त्यांचे कुटुंब मूळचे गोव्याचे, शिक्षण मुंबईचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. त्यांच्या घडणीचे श्रेय आपण नागपूरकरांनी घेण्यात फारसा अर्थ नाही. मला ओढ आहे ती त्यांच्या जगण्याच्या रीतीची.

गायतोंडे वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पुरे करीत. उरलेला वेळ मात्र रिकामा नव्हता. ते संगीत ऐकत, झेन या बौद्ध ध्यानपरंपरेच्या विचारात आणि मुंबईतले अध्यात्मगुरू निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणीत रमत, आणि चित्र मनात पुरते मुरेपर्यंत हाताला घाई करू देत नसत. काम सुरू झाले की रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरवायची बोथट सुरी, यांनी रंगाचे थर एकावर एक चढत, काही पुसले जात, काही खरवडले जात, आणि एक थर वाळेपर्यंत थांबणे हेही त्या कामातच मोडत असे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच चित्र ही प्रक्रिया आणि चित्र हेच जीवन असे म्हटले होते, ते मला फार नेमके वाटते.

त्यांचा एकांत मात्र प्रत्येकाला पेलणारा नाही. दिल्लीत निजामुद्दीन भागातल्या लहानशा जागेत ते एकटे राहिले आणि माणसांची ये-जा त्यांनी बेताचीच ठेवली. नोकरी, मुले आणि घरातली वडीलधारी माणसे सांभाळून चित्र काढणाऱ्याने तसे जगण्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहत बसण्याच्या वेळेला कामाचा मान देणे, एवढे मात्र त्यांच्याकडून कोणालाही घेता येते.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत आमची मुले ठरलेल्या वेळेत कागद पुरा करायला शिकतात. ती शिस्त हवीच. पण तिच्यामुळे ब्रश थांबला की आपण वेळ वाया घालवतो आहोत, अशी रुखरुख मुलांना लागते आणि मोठेपणीही ती सुटत नाही. म्हणून मी वर्गात अपुरे चित्र भिंतीवर लावून, रंगपेटी बंद ठेवून, मुलांना त्याच्यासमोर बसवते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तर याचा रोकडा उपयोग होतो, कारण जलरंग कागदावर पसरण्याआधीच सुकू लागतो आणि कोणता रंग कुठवर न्यायचा हे ब्रश बुडवण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. काही मुले कंटाळतात, हे खरे. पण जी टिकून बसतात, त्यांच्या चित्रात पुढे कमी रंगात जास्त काही दिसू लागते.

१९८४ साली अपघातात मानेला दुखापत झाल्यावर गायतोंडे यांचे मोठ्या कॅनव्हासचे काम काही वर्षे थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान चित्रे केली आणि नंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. ज्यांच्या घरात मोठे चित्र उभे करायला जागा नाही, किंवा ज्यांना रात्रीची जेवणे आटोपल्यावरच कागद हाती घेता येतो, त्यांनी गायतोंडे यांची ही शाईची कामे सर्वांत आधी पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

धन्यवाद.