समुद्र डाव्या हाताला: साओ मिगेलचे रोमेइरो

[पहाटेचा अंधार. ओल्या डांबरी रस्त्यावर काठ्यांचा ठेका.]

सर्वांत पुढे क्रूस घेऊन चालतो तो बहुतेकदा पथकातला सगळ्यात लहान मुलगा. त्याच्यामागे पुरुषांच्या दोन रांगा. अंगावर जाड शाल, गळ्याशी रुमाल, एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात काठी, पाठीला शिदोरीची पिशवी. रुमाल म्हणजे काट्यांचा मुकुट, शाल म्हणजे येशूचा झगा, पिशवी म्हणजे त्याच्या खांद्यावरचा क्रूस, असा अर्थ इथे लावला जातो.

हे अटलांटिक महासागरातलं साओ मिगेल, पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातलं सर्वांत मोठं बेट. ईस्टरआधीच्या उपासकाळात, राखेच्या बुधवारनंतरच्या (हा काळ सुरू होतो तो दिवस) शनिवारपासून ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारपर्यंत, गावोगावची पथकं पाळीपाळीनं निघतात आणि आठ दिवसांत अख्खं बेट पायी फिरतात. या यात्रेकरूंना म्हणतात रोमेइरो.

कुठल्याही एका ठिकाणी पोहोचायचं, असं इथे नाही. वाटेत जिथे जिथे पवित्र मारियेची मूर्ती आहे, ते प्रत्येक ख्रिस्तमंदिर आणि छोटं कपेल (प्रार्थनागृह) घ्यायचं. अशी ठिकाणं शंभराच्या आसपास भरतात. चालायचं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे समुद्र कायम डावीकडे आणि बेट उजवीकडे. देवळाच्या प्रदक्षिणेत आपणही असेच फिरतो.

[विला फ्रांका दो काम्पो. मागे हिरवी टेकडी.]

हे गाव एकेकाळी बेटाची राजधानी होतं. 21 आणि 22 ऑक्टोबर 1522 च्या मधल्या रात्री भूकंप झाला. पण जीव घेतले ते मुख्यतः दरडींनी. या डोंगरांवर प्युमिसचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे, सैल थर आहेत. हादरा बसला की ते सुटतात आणि चिखल होऊन खाली धावतात. गाव झोपेतच गाडलं गेलं, हजारो माणसं गेली. बेटाचा इतिहास लिहिणारा गास्पार फ्रुतुओझो जन्मला तोही 1522 मध्येच. त्यानं त्या रात्रीची हकीकत पुढे इतरांकडून ऐकून लिहिली.

1563 मध्ये ज्वालामुखी फुटला आणि लाव्हा उत्तर किनाऱ्यावरच्या रिबैरा सेकापर्यंत उतरला. त्यात बुडालेला गावचा दगडी पाणवठा पुढे खणून काढला गेला, तो आजही रस्त्याच्या पातळीखाली बघता येतो. परंपरा या यात्रांचं मूळ अशा आपत्तींनंतरच्या प्रायश्चित्ताच्या मिरवणुकांत शोधते. 1522 हीच जन्मतारीख असं सांगणं सोयीचं आहे, पण आठ दिवसांची आजची शिस्त एका वर्षात घडलेली नाही. आणि डोंगर अजून शांत झालेला नाही: 31 ऑक्टोबर 1997 ला रिबैरा केन्ते गावात पावसानं असेच उतार सुटले आणि 29 जण मेले.

[दारात उभी बाई. पथक तिच्यासमोरून जातंय.]

आता इथे नीट बघा. बाई विचारते, "किती भाऊ आहात?" समजा, उत्तर आलं बावन्न. मग ती आपलं मागणं सांगते: आजारी मुलगा, परदेशी गेलेला नवरा, वारलेली आई. पथक तिच्यासाठी प्रार्थना करणार, आणि बदल्यात तिनं घरी बावन्न वेळा 'नमो मारिया' ही मारियेची प्रार्थना म्हणायची, प्रत्येक भावासाठी एकदा. ही मागणी घेणारा आणि आकडा सांगणारा माणूस ठरलेला असतो. ती मागणी पथकाला मोठ्यानं ऐकवणारा वेगळा. दोघांच्याही वर मेश्त्र, पथकाचा प्रमुख. थांबायचं कुठे, निघायचं कधी, हे तोच ठरवतो, आणि त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. हा हिशेब चालू असतो म्हणूनच ही फेरी केवळ चालणाऱ्यांची राहत नाही. घरी बसलेलं गावही तिच्यात ओढलं जातं.

त्रास काय होतो? पहिला शत्रू पाऊस. भिजलेली लोकर जड होते आणि रात्रभरात वाळत नाही, म्हणून शालीवर प्लास्टिक घ्यावं लागतं. ओल्या मोज्यांत कातडी मऊ पडते, घासते, आणि फोड येतात. नवे बूट घालून येणारा दोन दिवसांत लंगडतो. पूर्वेला नोर्देश्तेकडचे उतार चढांपेक्षा वाईट: बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात, नखं काळी पडतात, गुडघे बोलू लागतात. म्हणून निघण्याआधी काही आठवडे पथकाच्या बैठका होतात. त्यांत नियम सांगितले जातात आणि चालताना गायची 'नमो मारिया'ची लांब, हेल काढत जाणारी चाल बसवली जाते. ती नुसती ऐकून जमत नाही. दोन रांगांनी आळीपाळीनं उचलायची असते, आणि चढावर श्वास कुठे घ्यायचा तेही ठरलेलं लागतं.

सूर्य मावळला की चाल थांबते. मुक्कामाच्या गावात लोक येतात आणि या अनोळखी भावांना वाटून आपापल्या घरी नेतात. गरम पाण्यात पाय बुडवायचे, जेवायचं, झोपायचं, आणि उजाडायच्या आत पुन्हा रस्त्यावर. घरं कमी पडली तर चर्चचं सभागृह.

मुख्य पथकं परंपरेनं पुरुषांचीच. अलीकडे स्त्रियांच्याही यात्रा निघतात. आणि अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेले बेटकरी या आठ दिवसांसाठी रजा काढून येतात. आपल्या जुन्या गावच्या पथकात ते काठी घेऊन उभे राहतात, आणि मेश्त्रनं आकडा मोजला की त्यांची भर पडलेली असते. तेवढ्या 'नमो मारिया' मग मागणाऱ्यांना जास्त म्हणाव्या लागतात.